पऱ्हाटीच्या मापाचा गिअर

जळगावात माझं गॅरेज होतं तेव्हा पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व प्रकारच्या मोटारसायकली दुरुस्त करून मिळतील.' खरं सांगायचं तर सरळ दुरुस्ती मला कधी गोड लागली नाही. तुटलेला पार्ट काढा, तसाच नवा आणा, लावा, हात पुसा. यात डोकं कुठे लागतं? माझा जीव रमायचा तो एका गाडीचा अवयव दुसरीला बसवण्यात. राजदूतला रिक्षाचे शॉकप, मोपेडला स्कूटरचा दिवा, बुलेटला जीपचा दांडा. अशी एखादी जुळणी डोक्यात आली की मला जेवण सुचत नसे. बायको शेजारणींना सांगायची, "यांना भंगार बाजारात नेलं की जावई सासरी आल्यासारखे खुलतात." खोटं नव्हतं ते.

ऐंशी-नव्वदच्या दशकात खानदेशात या कामाला तोटा नव्हता. नवी गाडी नंबर लावून मिळायची आणि जुनी टाकून द्यायची कुणाची रीत नव्हती. वडिलांची गाडी मुलाकडे यायची, मुलाकडून मेव्हण्याकडे जायची. तोवर तिचे पार्ट दुकानातून गायब झालेले असायचे. मग मंडळी माझ्याकडे यायची. असोद्याचे केळीवाले, यावलचे ठेकेदार, एरंडोलचे दूधवाले. एका ठेकेदाराला राजदूतमधून बुलेटचा आवाज हवा होता. मी बजावलं, तरी त्याने ऐकलं नाही, म्हणून बुलेटचा सायलेन्सर बसवून दिला. आवाज बुलेटचा आणि पळ सायकलचा अशी गाडी तयार झाली. पंधरा दिवसांनी तो तोंड लपवत परत आला आणि जुना सायलेन्सर मागू लागला. मी तो जपून ठेवला होता. काढलेला मूळ पार्ट मी कधी विकला नाही, डब्यात घालून त्यावर मालकाचं नाव लिहून ठेवायचो. या एका सवयीचा मला आजही अभिमान आहे.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे ठोकाठोकी वाटतं. तसं नाही. समजा तुमच्या चाकाला दुसऱ्या गाडीचा ब्रेकचा ड्रम लावायचा आहे. ड्रमचं भोक मोठं, तुमचा आस बारीक. नुसता घातला तर चाक डगमगणार. मग मधे धातूची एक नळी बसवायची, बाहेरून ड्रमच्या भोकाइतकी आणि आतून आसाइतकी. तिला बुश म्हणतात. तो लेथवर कातावा लागतो आणि अर्धं सूत चुकलं तरी सगळी मेहनत पाण्यात जाते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचं सगळं आयुष्य या सुतात गेलं.

माझे सूत सांभाळायला धुळ्याचे लोटननाना होते. लेथवर बसले की जगाला विसरणारा माणूस. त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो आणि पुढे जळगावात दुकान टाकलं, तरी लेथचं काम त्यांच्याकडेच पाठवायचो. जळगावात लेथवाले नव्हते असं नाही. पण ते आधी विचारायचे, कोणती गाडी, कोणतं मॉडेल, असं बसतं का कुठे? नाना विचारत नसत. ते म्हणायचे, "गाडी कोनती शे ते माले नको सांगू. माप सांग."

आणि माप सांगायची माझी एक तऱ्हा होती. मला कागदावर चित्र काढता येत नाही. एखादा रॉड किंवा दांडा करायचा असला की मी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळलेली काडी घ्यायचो. ती गाडीवर दोऱ्याने बांधायची, हलवून बघायची, कुठे अडते ते पाहून चाकूने तासायची. काडी मनासारखी हलली की तेच माप. मग काड्यांची जुडी सुतळीने बांधून धुळ्याच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती द्यायची. धुळ्याच्या स्टँडवर नानांचा माणूस ती उतरवून घ्यायचा आणि दोन-तीन दिवसांत काडीबरहुकूम लोखंडी रॉड उलट्या एसटीने जळगावला यायचा. लोक हसायचे. हसू देत. कैक गाड्या त्या काड्यांच्या मापावर पळाल्या.

आमच्या गॅरेजचा आणखी एक नियम होता. अदलाबदल केलेली गाडी मी मालकाला दारात कधी सोपवली नाही. ती आधी पद्मालयाचा चढ चढायची. एरंडोलहून आत गेलं की डोंगरावर गणपतीचं देऊळ आहे, पुढे कमळांचा तलाव. त्या काळचा रस्ता म्हणजे नुसते दगड आणि वळणं. चढताना मी चालवणार, मालक मागे बसणार. उतरताना मालक चालवणार, मी मागे. वर गाडीची परीक्षा, खाली मालकाची. दोन्ही पास झाले की देवळात नारळ आणि मगच किल्ली मालकाच्या हातात.

एरंडोलच्या एका दूधवाल्याची गाडी या परीक्षेत पास झाली आणि तरी मला तोंडघशी पाडून गेली. त्याच्या राजदूतला चार कॅनचा भार पेलत नव्हता, म्हणून मी मागे रिक्षाचे शॉकप बसवले. भरल्या कॅनसह गाडी अशी ताठ चालली की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण दूध वाटून झालं की रिकामी गाडी उड्या मारायची, त्याला सीटवर टेकू द्यायची नाही. त्याने उपाय शोधला. परतताना तो कॅनमध्ये पाणी भरून घेऊ लागला. आता दूधवाला रोज चार कॅन पाणी घेऊन घरी जाताना दिसल्यावर गाव काय समजणार? त्याची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. तो माझ्या दारात येऊन ओरडला, "सुपडूभाऊ, तुम्ही मन्हा धंदा बसाडा!" मी त्याच दिवशी मऊ स्प्रिंग शोधून घातल्या आणि त्याच्याबरोबर गल्लोगल्ली फिरून लोकांना शॉकपचं शास्त्र समजावून सांगितलं. किती जणांना पटलं देव जाणे.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट असोद्याच्या आबांची.

आबा म्हणजे ढोरांचे डॉक्टर. सरकारी नोकरी संपल्यावरही ते थांबले नाहीत, बुलेटवर बॅग अडकवून गावोगाव गुरांवर उपचार करत फिरायचे. एकदा एका बैलाने त्यांचा उजवा पाय तुडवला. जखम चिघळली, त्यात साखरेचं दुखणं, आणि शेवटी पोटरीतून पाय काढावा लागला. गुडघा शाबूत राहिला, खाली लाकडी पाय आला. त्यानंतर दोन वर्षं बुलेट गोठ्यात उभी होती.

श्रावणात एके सकाळी आबा आपल्या मुलाच्या मोपेडवर मागे बसून गॅरेजला आले. बुलेट टेम्पोत होती. मुलगा किशोर जळगावात एका ऑफिसात होता. त्याने आल्या आल्या मला बाजूला घेतलं.

"सुपडूभाऊ, आबांच्या समाधानासाठी आणलीय. तुम्ही नाही म्हणून टाका. भुसावळचं गिऱ्हाईक ठरलंय, पोळा झाला की तो गाडी न्यायला येणार आहे."

आबांचे कान तिखट होते. तिथूनच म्हणाले, "माह्या पाय गेला, गाडीचा नही गेला! सुपडू, हा पोया झाल्यावर इकतो म्हनतो. पोयाच्या आत मी चालवून दाखवली तं इकनार नही, असं कबूल केलंय त्यानं. तुले जमते का नही, इतलंच सांग."

पोळ्याला बारा दिवस होते.

मी विचारलं, "आबा, बुलेटच कशाला? डाव्या पायाने सगळं चालेल अशी दुसरी गाडी बघू."

ते म्हणाले, "दुसऱ्या गाडीचा आवाज कोन वयखतो? बुलेट शिवेवर आली का शेतकऱ्याले कयते, डॉक्टर आला. तो ढोर बांधून ठेवतो. आन् ढोराले बी कयते, आता सुई. मी पोचतो तवा मालकही तयार, ढोरही तयार. मोपेडवर गेलो तं कोन्ही घरातून भायेर येनार नही."

आता अडचण काय ती सांगतो. त्या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायाला होता, तिथे प्रश्न नव्हता. क्लच डाव्या हाताला. किक उजवीकडे, पण आबांनी आधीच युक्ती काढली होती. गाडी स्टँडवर चढवायची, उजव्या बाजूला लाकडी पायावर उभं राहायचं आणि डाव्या पायाने किक हाणायची. त्यांनी माझ्यासमोर हाणली. दोन वर्षं निजलेली गाडी चौथ्या किकला बोलली आणि आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. उरला गिअर. तो उजव्या पायाला. लाकडी पायाला दांडा कुठे आहे, दाबला गेला की नाही, काही कळत नाही.

मी दोन दिवस नुसता त्या गाडीभोवती फिरलो. तिसऱ्या दिवशी भंगार बाजारात एका मोडक्या जीपमध्ये डोकं घातलं आणि तिथेच ओरडलो. जीपला मुख्य गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा असतो. तो मुठीत धरला आणि सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. गिअर बदलताना आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, म्हणजे उजवा हात तेवढा क्षण रिकामाच असतो. मग गिअर हाताने का टाकू नये? टाकीच्या उजव्या बाजूला हा दांडा उभा करायचा, खालून एका रॉडने गिअरबॉक्सला जोडायचा. पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. भंगारवाल्याला वाटलं मला विंचू चावला. मी दांडा काढून घेतला, एका टेम्पोच्या अ‍ॅक्सिलरेटरचे फिरते सांधे घेतले आणि मोपेडच्या पॅडलपासून लाकडी पायासाठी असा फूटरेस्ट बनवला की टाच मागे घसरू नये. असे दिवस आयुष्यात फार येत नाहीत. मी हातातले ते सांधे वाजवत चालत गॅरेजला आलो.

रॉडचं माप तेवढं राहिलं. तो सरळ जाऊ शकत नव्हता, इंजिनाच्या मधल्या पेटीला वळसा घालून न्यायचा होता, म्हणून मला बाक असलेली काडी हवी होती. आणि घरी बघतो तर पऱ्हाटीची जुडी गायब. पावसाळ्यात सरपण ओलं म्हणून बायकोने चुलीत घातलेली. वर म्हणाली, "काड्या त्या काड्याच, त्यांचं काय एवढं!" मी चिडलो, पण थांबायला सवड नव्हती. असोद्याला आबांच्या शेतात कपाशी उभी होती. एक रोप उपटलं, बाकदार काडी निवडली, पानं झाडली आणि गाडीवर बांधून माप घेतलं. हिरवीगार काडी, चाकूखाली लोण्यासारखी कापली जात होती. इतकी सुंदर बसली की मला वाटलं, आता वाळलेली काडी कधी वापरायचीच नाही.

ती मी दुपारच्या धुळे गाडीत दिली. ड्रायव्हर ओळखीचा. त्याने हसत ती इंजिनाच्या बॉनेटवर ठेवली, जिथे तो आपला डबा गरम राहावा म्हणून ठेवायचा. मी हे पाहिलं, आणि पाहूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

रॉड परत आला तो पोळ्याच्या तीन दिवस आधी. बसवताना जरा ओढावा लागला. मी म्हटलं, नवा आहे, बसेल. गाडी स्टँडवर चढवून चाक फिरवत चारही गिअर टाकून पाहिले. चारही पडले. आबा तर हातात साखर घेऊन आले होते. दोन दिवस ते रोज येऊन स्टँडवरच्या गाडीवर बसायचे, क्लच, दांडा, क्लच, दांडा, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. शेजारचे दुकानदार कामं सोडून बघायला उभे राहायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पद्मालयाला निघालो. मी पुढे, आबा मागे, किशोर मोपेडवर आमच्या पाठीमागे. एरंडोलपर्यंत सपाट रस्ता. गाडी अशी गात होती की मी मोठ्याने गाणं म्हणायचा बाकी होतो. माझा उजवा पाय सवयीने गिअर शोधायला खाली जायचा आणि तिथे काहीच सापडायचं नाही. प्रत्येक वेळी आबा माझ्या खांद्यावर थाप मारून हसायचे.

चढ लागला. पहिल्या वळणावर पहिला गिअर, वळण संपताच दांडा पुढे ढकलून दुसरा टाकला. दहा-वीस हात गेलो असू, आणि खाडकन दांडा मागे आला. इंजिन एकदम बोंबललं आणि चाकातली ओढ संपली. गाडी क्षणभर थांबली आणि मागे घसरू लागली. मागून भाविकांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येत होती. मी दोन्ही ब्रेक आवळले, उजवा पाय टेकला, ट्रॅक्टरवाला शिव्या देत बाजूने निघून गेला. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. दुसरा टाकला. पुन्हा खाडकन बाहेर.

तेव्हा मला कळलं. रॉड आखूड होता. स्टँडवर, भार नसताना, गिअरचे दात टोकाटोकाला पकडत होते. चढावर दोन माणसांचा भार आला की सुटत होते. आणि त्याच क्षणी मला ती बॉनेटवरची हिरवी काडी दिसली. इंजिनाच्या आचेवर ती धुळ्यापर्यंत वाळत गेली असणार, वाळताना तिचा बाक आणखी वळला असणार, आणि दोन टोकं जवळ आली असणार. नानांनी जशी मिळाली तशी केली. चूक माझी, शंभर टक्के माझी. लाकडी पायाच्या माणसाला मी अशा गाडीवर बसवायला निघालो होतो. आबा एकटे असते आणि गाडी अशी मागे घसरली असती तर? मला इतकी लाज वाटली की मी मान वर करू शकेना.

किशोर मोपेड थांबवून जवळ आला. तो रागावलाही नाही, त्याचंच मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, "जाऊ द्या, सुपडूभाऊ. तुम्ही केलं तेवढं पुष्कळ. आबा, चला, माझ्या मागे बसा."

"पहिल्या गिअरमध्ये रांगत वर नेतो," मी म्हटलं.

"रांगत कशाले?" आबा खाली उतरत म्हणाले. "उतर तू. मी चालवतो."

"आबा, गिअर टिकत नाही!"

"माह्या दोन वर्सापासून पायही टिकत नही. उतर मनतो ना!"

पोळ्याच्या आत चालवून दाखवायची होती आणि पोळा उद्यावर होता. मला त्यांना थांबवायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी उतरलो, आणि मग माझ्या नियमाप्रमाणे मागे बसलो, म्हणजे निदान मागे घसरली तर पाय टेकायला मी असेन. किशोर रस्त्याच्या कडेला डोक्याला हात लावून उभा राहिला.

आबांनी पहिला टाकला. गाडी निघाली. दुसरा टाकला. दहा हात, वीस हात, पन्नास हात. गिअर सुटला नाही. मला कळेना. वळण आलं, आबांनी गाडी झुकवली, रस्त्यावरचे दगड चाकाखालून उडाले, गाडी धडधडत चढत होती. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. लाकडी पाय फूटरेस्टवरून घसरू नये म्हणून आबांनी उजवा गुडघा टाकीला घट्ट आवळला होता, आणि त्याच गुडघ्याने दांडा पुढे रेटून धरला होता. दात सुटायला बघायचे आणि गुडघा त्यांना सोडत नव्हता. मी असला काही विचारच केला नव्हता. त्यांनीही केला नव्हता. पायाला जागा सापडली आणि तो कामाला लागला.

"आबा, गुडघा काढू नका!" मी ओरडलो.

"काढतो काय बापा!" आबा ओरडले, आणि मग दोघंही वेड्यासारखे हसत सुटलो. देवळाजवळच्या लोकांनी आमच्याकडे वळून पाहिलं. मागून किशोर मोपेड ताणत आला, ती धापा टाकत होती. तो उतरून आबांजवळ आला. त्याने वाकून आबांचा लाकडी पाय फूटरेस्टवरून हळूच खाली ठेवला. मग एक नारळ मी फोडला आणि एक त्याने.

उतरताना किल्ली माझ्याकडेच होती, मी ती दिली नाही. आबांना म्हटलं, रॉड नीट करून उद्या आणतो, तोवर गाडी चालवायची नाही. त्या दिवशी गाडी मीच पहिल्या गिअरमध्ये खाली आणली, त्यांना एरंडोलला मोपेडवर बसवलं आणि तसाच धुळ्याला गेलो. लोटननानांना गाडीतला रॉड दाखवला. त्यांनी शांतपणे खणातून माझी काडी काढली. वाळून तिचा विळा झाला होता.

"तू जशी काडी धाडी तशीच मी सळई करी दिधी," नाना म्हणाले. "काडी वली व्हती का? इतला वरीसमा तुले वली-सुकेल समजनं नही?"

नानांनी माझ्यासमोर बसून नवा रॉड केला. जुन्यापेक्षा बरोबर चार सूत लांब.

सपाटीला जुना रॉड चालत होता, म्हणून नवा आबांसमोरच बसवायचं ठरवून पोळ्याच्या दिवशी मी असोद्याला गेलो. बैल सजवून वेशीजवळ आणले होते. मी गाडी आबांच्या अंगणात लावली, पाने काढले आणि रॉड बदलायला खाली बसलो. आबांनी काठीने माझ्या हाताला हळूच टोचलं.

"हात लावू नको."

"आबा, धोका आहे. हा नवा घातला की गुडघा लावायला लागणार नाही."

"मंग नकोच." ते ओट्यावर बसले आणि लाकडी पायावर हात फिरवत म्हणाले, "दोन वर्सं हा फुकट बसून खात व्हता, सुपडू. काल पयल्यांदा कामाले लागला. त्याचं काम काढू नको."

मी खूप वाद घातला. आवाज चढवला. मी तापट माणूस आहे, गाडीत चूक ठेवून मला झोप येत नाही. ते ऐकेनात. शेवटी एवढं कबूल करून घेतलं की डबलसीट चढ चढायचा नाही. त्यांनी किक हाणली आणि गाडी वेशीकडे नेली. बुलेटचा आवाज आला तशी रांगेतले बैल कान टवकारून दावी ओढायला लागले, घुंगरं एकच वाजली, दोन-तीन शेतकरी धावत बैलांना धरायला गेले आणि सगळी वेस हसली. भुसावळच्या गिऱ्हाइकाला किशोरनेच परत पाठवलं.

आबांनी त्यानंतर कैक वर्षं ती गाडी चालवली. गुडघा घासून टाकीवरचा रंग गेला, लोखंड दिसू लागलं. चार सूत जादा लांबीचा नवा रॉड माझ्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकत राहिला. नवी गिऱ्हाइकं विचारायची, हा कशाचा? मी सांगायचो, गिऱ्हाईक येईल तेव्हा सांगेन.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा आबा गेले. वर्षभराने किशोर बुलेट घेऊन गॅरेजमध्ये आला. म्हणाला, "सुपडूभाऊ, ही मी चालवणार आहे. पण दुसरा गिअर टिकत नाही."

मी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यावर आबांचं नाव होतं आणि आत गाडीचा मूळ पाय-गिअर होता. "तुला दोन्ही पाय आहेत. हा बसवतो, गाडी आईच्या पोटातून आली तशी होईल."

त्याने डबा हातात घेतला, बघितला आणि परत दिला. "हातगिअरच राहू द्या. फक्त सुटणार नाही असा करा."

मग मी खिळ्यावरचा रॉड काढला. गंज पुसला, ग्रीस लावलं आणि बसवला. अर्ध्या तासाचं काम. इतक्या वर्षांनी गाडीतली माझी चूक निघाली, आणि मला आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

नियमाप्रमाणे आम्ही पद्मालयाला गेलो. रस्ता आता बरा झाला होता. मला दम्याने बेजार केलं होतं, म्हणून चढतानाही किशोरलाच चालवायला सांगितलं आणि मी मागे बसलो. तेच वळण आलं. त्याने दांडा पुढे ढकलून दुसरा टाकला. मी कान देऊन ऐकत होतो. गिअर पक्का बसला होता, सुटण्याचं नाव नव्हतं.

मी सहज खाली पाहिलं. टाकीवरच्या रंग उडालेल्या जागी त्याचा उजवा गुडघा घट्ट टेकलेला होता आणि दांडा पुढे रेटून धरत होता. त्याची आता काही गरज नव्हती. मी ते त्याला सांगितलं नाही.